कोणत्या पानावर?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहा, असं पत्र आलं आणि शाळेतलं बाकी सगळं मागे सरून डोळ्यांपुढे उभे राहिले ते आपले मराठीचे सर. त्यांचं नाव लिहीत नाही, ते आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. शनिवारी शेवटचा तास अवांतर वाचनाचा. उभं राहून पुस्तकाविषयी बोलायचं. नुसतं 'छान आहे' किंवा 'रटाळ आहे' म्हटलं की सर विचारायचे, "कोणत्या पानावर?"

दहावीत मी 'ययाति'वर बोललो. खांडेकर सांगलीत जन्मलेले, ज्ञानपीठ मिळालेले मराठीतले पहिले लेखक, आणि सरांची तर ती जीव की प्राण कादंबरी. मी म्हणालो, ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघं आपापली कहाणी सांगतात, पण भाषा तिघांची एकच. वरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय ते कळत नाही. वर्ग सरांच्या तोंडाकडे बघू लागला. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी खुणा घातलेली पानं वाचून दाखवली. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, तीच पानं स्वतः वाचली आणि म्हणाले, "मला पटत नाही. पण तू पुराव्यानं बोललास." सोमवारी भित्तिपत्रकावर माझं मत लागलं आणि शेजारी सरांच्या टपोऱ्या अक्षरात त्याचा प्रतिवाद : ही माणसं मनाशी बोलताहेत, तिथे बोलीतले फरक कशाला शोधायचे? दहावीतल्या पोराशी त्यांनी बरोबरीच्या नात्यानं वाद घातला. एवढा मान मला पुढे बँकेत अधिकारी झाल्यावरही कुणी दिला नाही.

'ययाति'बद्दलचं माझं मत आजही तेच आहे. 'बनगरवाडी' मात्र मला निर्दोष वाटते. दुष्काळात वाडी उठते तिथेही माडगूळकर आवाज चढवत नाहीत. 'फकिरा'ला कुणी भडक म्हटलं की मी भांडतो. अण्णाभाऊ आपल्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. उपाशी माणसांसाठी खजिना लुटणाऱ्याची गोष्ट त्यांनी खालच्या पट्टीत का सांगावी? 'कोसला' आली १९६३ साली. तिच्यातली कॉलेजची पानं मला लांबलेली वाटतात, पण नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या पानांजवळ जाईल असं गद्य मराठीत मी फार थोडं वाचलंय. अलीकडच्यांत कृष्णात खोतांची 'रिंगाण'. धरणानं उठवलेलं गाव आणि मागे राहून रानटी झालेली म्हैस. विस्थापनावर भाषण न करता खोत आपल्याला त्या म्हशीच्या मागे रानात नेतात. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला तेव्हा ही बातमी पहिल्यांदा सरांना सांगावी असं वाटलं. सर नव्हते.

निवृत्तीनंतर विश्रामबागेत आम्ही वाचकमंडळ चालवतो. जतकडच्या नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी'वर परवाच तास-दीड तास रंगलो. नवा सभासद 'मस्त आहे' म्हणाला की माझ्या तोंडून सरांचाच प्रश्न निघतो.

अवांतर वाचनाचा तास आता वेळापत्रकात नाही, असं कळलं. फार वाईट वाटलं. शाळेनं तो पुन्हा सुरू करावा, ही माझी कळकळीची विनंती. वर उल्लेखलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या दहा-दहा प्रती मी देतो, आणि शनिवारी शिक्षक मोकळे नसतील तर तास घ्यायला मी येतो.