हिशेबही तिथेच, पैसेही तिथेच

इंग्लंडमध्ये स्वतःचा छोटा व्यवसाय करणारे मराठी स्नेही आणि पुण्याचे नातेवाईक मला एकच प्रश्न वारंवार विचारतात: ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर तुमची सगळी कीर्द-खतावणी चालते, तिचेच शेअर क्राउडफंडिंगमधून, म्हणजे अनेक सामान्य लोकांकडून थोडे थोडे भांडवल गोळा करण्याच्या पद्धतीतून, घेणे योग्य आहे का? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते. मी शेअर घेतले, हिशेबही तिथेच ठेवला, पण हे दोन निर्णय एकमेकांत मिसळू दिले नाहीत. तेवढे पथ्य पाळणे जमणार नसेल, तर दोहोंपैकी एकच करावे, असे माझे मत आहे.

माझ्या बाबतीत ती कंपनी म्हणजे एडिनबराची फ्रीएजंट. 2007 मध्ये सुरू झालेली ही कंपनी एकट्याने कंत्राटी कामे करणाऱ्यांसाठी आणि अगदी लहान कंपन्यांसाठी ऑनलाइन हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवते. 2015 मध्ये तिने सीडर्स या व्यासपीठावरून सामान्य लोकांकडून भांडवल उभारले, नोव्हेंबर 2016 मध्ये 84 पेन्स भावाने ती लंडनच्या एआयएम या लहान कंपन्यांच्या शेअर बाजारात दाखल झाली, आणि 2018 मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने तिला शेअरमागे 120 पेन्स, म्हणजे एकूण सुमारे 5.3 कोटी पौंड, देऊन विकत घेतले. ज्यांनी पैसे घातले त्यांचे चांगले झाले. मात्र या एका उदाहरणावरून दुसऱ्या कुठल्याही कंपनीविषयी निष्कर्ष काढू नये, कारण नव्या कंपन्यांपैकी पुष्कळशा बंद पडतात आणि त्यांच्या भागधारकांच्या हाती काहीच लागत नाही. बुडाले तरी घरखर्चाला झळ लागणार नाही एवढीच रक्कम मी घातली होती, आणि ती घालताना परत येईल असे गृहीत धरले नव्हते.

ग्राहक असल्यामुळे आपल्याला कंपनी आतून कळते, हा समज फार पसरलेला आहे आणि मला तो धोक्याचा वाटतो. रोज वापरून आपल्याला कळते ते सॉफ्टवेअर: बँकेतल्या नोंदी वेळेवर उतरतात का, व्हॅटचे विवरणपत्र बिनचूक तयार होते का, मदतीसाठी लिहिले तर माणूस उत्तर देतो का. एक ग्राहक मिळवायला कंपनीला किती खर्च येतो, किती जण वर्षाच्या आत सोडून जातात आणि हातातली रोकड किती महिने पुरेल, यातले काहीही पडद्यावर दिसत नाही. कंपनीज हाउस या ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ताळेबंद फुकट वाचता येतो, पण लहान कंपन्यांना नफा-तोटा पत्रक जाहीर न करण्याची मुभा असल्याने चित्र अर्धेच राहते. शिवाय नॉमिनी पद्धतीत भागधारकांच्या नोंदवहीत आपले नाव नसून व्यासपीठाच्या नॉमिनी कंपनीचे असते, आणि शेअर बाजारात नसल्यामुळे हवे तेव्हा विकता येत नाहीत. एंटरप्राइझ इन्व्हेस्टमेंट स्कीम या लहान कंपन्यांतल्या गुंतवणुकीसाठीच्या सरकारी योजनेत बसणाऱ्या गुंतवणुकीवर आयकरात 30 टक्के सवलत मिळते खरी, पण ती टिकवायची तर शेअर किमान तीन वर्षे ठेवावे लागतात. केवळ करसवलतीसाठी कुणी यात पडू नये.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. मासिक शुल्क वाढले की भागधारकाचा फायदा होतो आणि ग्राहकाचा तोटा. विक्रीच्या वेळी भागधारकाला रोख पैसे मिळतात, ग्राहकाला मात्र नवा मालक मिळतो. फ्रीएजंटच्या बाबतीत बँकेने हे सॉफ्टवेअर आपल्या व्यावसायिक खातेदारांना मोफत दिले, पण दुसरा एखादा खरेदीदार ते बंदही करू शकला असता.

कंपनी बंद पडली तर काय होते, हे 27 डिसेंबर 2024 रोजी व्हँकूव्हरच्या बेंच या ऑनलाइन हिशेब कंपनीने दाखवून दिले. ती क्राउडफंडिंगची नव्हती, तिच्यामागे मोठे गुंतवणूकदार होते. तरीही एका दिवसात दार बंद झाले आणि वर्षअखेरीच्या ऐन घाईत हजारो व्यावसायिकांना आपल्या नोंदी कशा मिळतील याची चिंता लागली. काही दिवसांतच दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली म्हणून ग्राहक सावरले.

म्हणून व्हॅटची तिमाही संपली की विवरणपत्र भरण्याआधी मी एक काम न चुकता करते. बँकेची जुळवणी पूर्ण झाली की खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, म्हणजे ट्रायल बॅलन्स) आणि नऊ रकान्यांचे व्हॅट विवरण उतरवून घेते. बिले आणि पावत्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण आकड्यांच्या फाइलमध्ये खर्चाची रक्कम येते, पण रेल्वेच्या तिकिटाचे किंवा छपाईवाल्याच्या बिलाचे छायाचित्र येत नाही. प्रत्येक पावतीच्या फाइलला तारीख, दुकान आणि रक्कम असे नाव दिले की पुढे शोधाशोध होत नाही. मग तेरजेतली बँकेची शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहते. त्या दोन आकड्यांत पेनीचाही फरक नसेल, तर उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आरंभीची शिल्लक भरून काम पुढे चालू करता येते. व्हॅटची कागदपत्रे सहा वर्षे सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने माझी आहे, सॉफ्टवेअर कंपनीची नाही.

एप्रिल 2026 पासून ज्या स्वयंरोजगारितांचे आणि घरमालकांचे वार्षिक ढोबळ उत्पन्न 50,000 पौंडांहून अधिक आहे, त्यांनाही आयकरासाठी डिजिटल नोंदी बंधनकारक होत असल्यामुळे हा प्रश्न मला अधिकच विचारला जाणार, हे उघड आहे.

पुण्याच्या मंडळींसाठी उत्तर वेगळे आहे. भारतात अशा रीतीने खासगी कंपनीचे शेअर सर्वसामान्यांना विकता येत नाहीत. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे खासगी कंपनीला एका आर्थिक वर्षात, संस्थात्मक खरेदीदार आणि कर्मचारी वगळता, 200 हून अधिक व्यक्तींपुढे प्रस्ताव ठेवता येत नाही आणि त्याची जाहिरातही करता येत नाही. सेबीने 2014 मध्ये क्राउडफंडिंगवर चर्चापत्र काढले होते, तर 2016 मध्ये मान्यता नसलेल्या ऑनलाइन व्यासपीठांपासून गुंतवणूकदारांना सावध केले. तेव्हा तिथल्या एखाद्या ॲपने हिशेबाच्या सोयीबरोबर आपले शेअरही देऊ केले, तर आधी ते व्यासपीठ सेबीकडे नोंदलेले आहे का ते पाहावे, आणि नसेल तर पैसे देऊ नयेत.