पणजोबांचा गठ्ठा : टाचण्या निघाल्या, घड्या सुटू लागल्या

पणजोबांच्या जुन्या कागदांचा गठ्ठा जपून ठेवायचं काम आता कुठे रुळावर आलंय. पत्रं, पावत्या, खरेदीखत, जन्मदाखले, घराचा निळा नकाशा आणि कशाचा कशाला पत्ता नाही असे सुटे कागद. काहीही हलवण्याआधी होता त्या क्रमाने सगळ्याचे फोटो काढले आणि प्रत्येक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक टाकला. तारीखवार लावायचा मोह होतो खरा, पण कोणी काय कशासोबत बांधून ठेवलं हीसुद्धा माहितीच असते. तारीखवार यादी काय, कॉम्प्युटरवर केव्हाही होते.

सगळ्यात जास्त वेळ टाचण्यांनी खाल्ला. गंज कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो, टाचणी सरळ ओढली की भोक फाटतं. म्हणून पॉलिएस्टर फिल्मची (पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकची) अरुंद पट्टी कागद आणि टाचणी यांच्यामध्ये अलगद सरकवायची, पुढून आणि मागूनही. पट्टीवरच टाचणी किंचित डावी-उजवीकडे हलवली की गंजाची पकड सुटते. मग ज्या वाटेने शिरली त्याच वाटेने बाहेर. डाग राहतो. राहू दे!

घड्यांचं गणित वेगळं. कडक झालेली घडी कोरडीच उघडली तर तिथेच तुकडा पडतो. मोठ्या झाकणाच्या डब्यात तळाला थोडं पाणी, वर जाळी, जाळीवर कागद. पाण्याचा थेंबही लागता कामा नये, फक्त दमट हवा. काही तासांत कागद मऊ पडतो, घडी आपणहून सैल होते. मग टिपकागदांच्या मध्ये ठेवून वर काच आणि वजन. डब्याजवळून हलायचं मात्र नाही. ओलावा जास्त वेळ राहिला तर बुरशी धरते.

हे सगळ्या कागदांना चालत नाही. शिक्क्याची आणि रंगीत शाई फुटते, म्हणून आधी ओलसर कापसाचं टोक एखाद्या टिंबाला टेकवून बघतो. मायफळ आणि हिराकस यांच्या काळ्या शाईची पत्रं तर डब्यात घालतच नाही. ती शाई काळानुसार तपकिरी होते आणि तिच्यातलं आम्ल आणि लोह मिळून अक्षराखालचा कागद खातात. ओलावा मिळाला की ते लोह आजूबाजूला पसरतं. अशी पत्रं घडीसकट पाकिटात ठेवली आहेत, जाणकाराला दाखवल्याशिवाय उघडणार नाही.

एक गंमत या गठ्ठ्यातही दिसली : जुने कागद बरे आणि नंतरचे पिवळे, ठिसूळ. एकोणिसाव्या शतकात कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून व्हायला लागला, आणि शाई पसरू नये म्हणून त्याला तुरटी-राळेचं खळण आधीपासून होतंच. ती पद्धत १८०७ची. दोन्हींनी आम्ल वाढतं. आता वेष्टनासाठी आयएसओ ९७०६ या टिकाऊ कागदाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा कागद वापरतोय, म्हणजे पीएच (आम्लतेचं माप, ७च्या वर म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कली) ७.५ ते १० आणि आम्ल शोषायला किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कलीसाठा. ठिसूळ कागदाला दोन्हीकडून पॉलिएस्टर फिल्मचं कव्हर. पण शाईचे पापुद्रे सुटत असतील तिथे नाही, स्थिर विजेने ते फिल्मला चिकटतात.

लॅमिनेशनबद्दल माझं मत कडवट आहे. उष्णतेने वितळवलेलं प्लॅस्टिक कागदात बसलं की ते परत निघत नाही. चिकटपट्टीही तशीच, तिचा डिंक आधी तेलकट होतो, मग पिवळा आणि कडक. फाटक्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतो. पाण्याने ती पुन्हा सुटते.

स्कॅनिंग त्यामानाने सरळ : कागद ४०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), बारीक अक्षर ६००, मूळ प्रत टिफमध्ये, वाचायला जेपीईजी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. फाइलचं नाव वर्षापासून सुरू, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

खरी मेहनत नावांची. पत्राखाली सही 'तुझा बाळ', आत 'ताईची तब्येत बरी'. कोण बाळ, कोणती ताई? आत्याला फोन केला तर म्हणाली, "अरे, बाळ दोन होते घरात. अक्षर उजवीकडे कललेलं असेल तर थोरला." हे वाक्य तसंच्या तसं, तिच्या नावानिशी यादीत लिहून ठेवलं. अंदाज असेल तिथे अंदाज असं लिहितो, नाहीतर पुढच्या पिढीला तोच पुरावा वाटेल.

आता राहिला निळा नकाशा. हा सायनोटाइप, म्हणजे लोहाच्या क्षारांवर उजेड पाडून काढलेली निळी प्रत असावा, आणि त्याला नेमका अल्कलीच मारक, म्हणून आयएसओवाला वेष्टनाचा कागद इथे बाद. अल्कलीसाठा नसलेलं उदासीन वेष्टन मिळेपर्यंत तो वेगळा, अंधारात. स्कॅनरवर मावत नाही. तुकडे-तुकडे स्कॅन करून जोडावा की वरून कॅमेऱ्याने टिपावा, हे ठरत नाहीये. कोणी केलं असेल तर सांगा, कडांना रेषा जुळतात का?