पत्ता चुकलेलं मशीन

कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना 'इन्स्टॉलेशन पूर्ण झालं' असा निरोप येतो, आपण पेनड्राइव्ह उपटतो, मशीन रिस्टार्ट करतो आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटते: नो बूटेबल डिव्हाइस. या ओळीवर लोक भयंकर चिडतात. मला मात्र ती सरळ स्वभावाची वाटते. मशीन बिघडलंय असं ती कुठे म्हणते? सुरुवात कुठून करायची ते सापडत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

आमच्या देवगडकडे घरं झाडीत दडलेली. वाडीत नवं घर बांधलं, पण तिठ्यावरच्या दुकानदाराला सांगितलंच नाही, तर पाहुणा एसटीतून उतरून तिथेच घुटमळणार. इथेही तसंच. जुन्या बायॉस पद्धतीत (बायॉस म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम) मशीन डिस्कच्या पहिल्या 512 बाइटमध्ये पत्ता विचारतं. त्यातले जेमतेम 446 बाइट सुरुवातीच्या कोडच्या वाट्याला. नव्या यूईएफआय पद्धतीत त्यासाठी डिस्कवर फॅट32 या मांडणीचं छोटं वेगळं पार्टिशन, म्हणजे राखीव कप्पा असतो. सिस्टिम एका पद्धतीने बसवायची आणि मशीन दुसऱ्या पद्धतीवर ठेवायचं, की झाली चुकामूक. अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करत बसण्याइतका फुकटचा उद्योग नाही. (करतात मात्र सगळे तेच.)

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या मशीनमध्ये कुठून यायची? म्हणून शेजारच्या काकांच्या पडवीतल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. आंब्याच्या पेट्यांचा सगळा हिशोब त्यावर, त्याची कॉपी आधी काढून ठेवली. संध्याकाळी मशीन मस्त चालू झालं. रात्री गडगडाट सुरू झाला, काकांनी रिवाजाप्रमाणे सगळे प्लग काढले, आणि सकाळी पडद्यावर तीच ओळ. काका ते घेऊन थेट बाजारात. तिथे सांगितलं, हार्डडिस्क गेली, नवी घाला.

"काय रे, देवाक कौल लावूया काय?" काका अगदी गंभीरपणे म्हणाले.

मी बायॉस उघडलं. हार्डडिस्कचं नाव तिथे ठळक दिसत होतं. तारीख मात्र कित्येक वर्षं मागे गेलेली. म्हणजे मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपलेला. प्लग निघाला की घड्याळ आणि सेटिंग सांभाळायचं काम त्याचं. तोच गेल्यावर मशीन कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर, म्हणजे जुन्या पद्धतीवर आलं. सिस्टिम तर यूईएफआयमध्ये बसवलेली.

सीआर2032, तीन व्होल्टचा. घड्याळवाल्याकडे सहज मिळाला. जुना सेल नखाने उचकटला तर खाली खाऱ्या हवेने धरलेला हिरवट थर. तो कोरड्या ब्रशने झाडला, नवा बसवला, बूट मोड यूईएफआयवर आणला. मिंटचा लोगो आला, पाठोपाठ पेट्यांचा हिशोबही उघडला.

काका चष्मा वर करून बघतच राहिले.

"मगे त्या मेल्यान नवी हार्डडिस्क कित्याक सांगल्यान?"