पॅडल मारताना हँडल का वळते?

मागे रेलून, पाय पुढे पसरून चालवायच्या रिकंबंट सायकलीत पुढचे चाकच पायांनी फिरवले की मागच्या चाकापर्यंत जाणारी लांबलचक चेन वाचते; पण दिशा बदलणारे चाकही तेच असल्यामुळे पायांचा जोर हँडलपर्यंत पोहोचतो. क्रूझबाइक या कंपनीच्या सायकलींसारख्या रचनेत तर क्रँक (पॅडल ज्यावर बसतात ते फिरणारे दांडे), चेन आणि पुढचे चाक हे सगळे हँडलसोबतच वळते. अशा सायकलीत हँडल वळण्याचा दोष चेनच्या ताणाला देणे मला पटत नाही. चेनची दोन्ही टोके एकाच वळणाऱ्या भागावर असल्याने तिचा ताण त्या भागातच मिटतो. हँडल वळवतो तो पायाचा थेट रेटा.

उजवे पॅडल मध्यरेषेपासून साधारण १२ सेंटिमीटर बाहेर असते. त्यावर २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलो वजनाइतका जोर दिला, तर हँडलच्या आसाभोवती जवळपास २४ न्यूटन-मीटरचा पीळ निर्माण होतो आणि चाक डावीकडे वळू पाहते. डाव्या पायाच्या पाळीला हेच उलट घडते. मूठ आसापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर हा पीळ एकट्या उजव्या हाताने थोपवण्यासाठी ती सुमारे ८ किलो जोराने मागे ओढावी लागते. नवखा चालक दोन्ही हात ताठ करून हँडल आवळतो, आणि खांदे भरून येतात ते त्यामुळेच.

खरे तर पायांनाही यातला बराच भार उचलता येतो. क्रँक आसाच्या ५० सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर तिथे उजव्या पायाने बाहेरच्या दिशेने दिलेला २४ न्यूटनचा आडवा रेटा निम्मा पीळ रद्द करतो. हे ठरवून करता येत नाही, सरावाने पायांत मुरते. २०१३ मध्ये मारिया पार्कर यांनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ या अमेरिका आरपार पार करण्याच्या सायकल स्पर्धेतली महिलांची एकल शर्यत क्रूझबाइकवरूनच जिंकली, तेव्हा लांब पल्ल्याला ही रचना चालत नाही असे म्हणण्यात अर्थ नाही.

क्रँक मुख्य सांगाड्यावर पक्का बसवला की पायांचा रेटा हँडलपर्यंत येत नाही, मात्र मग वळताना चेनला पीळ बसतो. चेन एकाच बाजूला असल्याने तिची ओढही एकाच दिशेची असते. मधली पुली आसाजवळ ठेवून ती कमी करतात. चेन टायरला घासू लागली की हँडल आणखी वळवता येत नाही, आणि मला ही अडचण अधिक जाचक वाटते.

मुळात रेटाच कमी ठेवणे सर्वांत सोपे. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर १५० वॅट शक्ती लावताना मिनिटाला ६० फेऱ्यांना सरासरी १४० न्यूटन जोर लागतो, ९० फेऱ्यांना जेमतेम ९४. चढावर थांबून पुन्हा निघताना ही सोय नसते: वेग जवळजवळ शून्य, जोर सर्वाधिक, आणि तोल सांभाळायला हँडल मोकळे हवे असते नेमके त्याच क्षणी. म्हणून थांबण्याआधीच सर्वांत हलका गिअर टाकून ठेवावा.