२००-५००साठी बॅगेतले डिव्हायडर : काम कुठवर आलंय

निकॉनची २००-५०० मिमी एफ/५.६ ही मोठी झूम लेन्स वापरणाऱ्यांना सांगायला नको, कॅमेऱ्यासाठी बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बॅगांचे कप्पे लहान ७०-२०० लेन्स डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले असतात. आपली लेन्स झूम बंद असताना २६७.५ मिमी लांब, १०८ मिमी जाड आणि कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायचा पाय असलेलं, लेन्सभोवतीचं कडं) २३०० ग्रॅम. त्यात डी५०० कॅमेऱ्याचे ८६० ग्रॅम धरले की सव्वातीन किलोला थोडं कमी. एवढा ऐवज बॅगेतल्या डिव्हायडरवर, म्हणजे कडेला व्हेल्क्रो लावलेल्या पातळ फोमच्या पट्टीवर टेकवला की पट्टी मधोमध झोळीसारखी वाकते आणि लेन्स सरकत सरकत चेनपाशी येते. बॅग बदलायची नव्हती. पाठीला छान बसते, पट्टे मजबूत आहेत. म्हणून आतलं सगळं नव्याने करायला घेतलं.

बॅगेचं आतलं माप ४५ × २८ सेंमी, खोली १४ सेंमी. अट एकच ठेवली: बॉडी, म्हणजे कॅमेरा, लेन्सला जोडलेलीच राहिली पाहिजे. ताडोबात जिप्सी वळणावर थांबते आणि वाघ रस्ता ओलांडून जातो, तेवढ्या वेळात माउंटचं (लेन्स आणि बॉडी जुळतात तो जोड) झाकण काढून लेन्स फिरवत बसायला कोणाला सवड असते? शिवाय उन्हाळ्यात तिथली धूळ अशी असते, की उघड्यावर लेन्स बदलावीशीच वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. डिव्हायडरकडे आपण भिंत म्हणून बघतो, दोन वस्तू एकमेकींना लागू नयेत म्हणून. मोठ्या लेन्सला भिंतीआधी बैठक लागते. बॅग टेबलावर आडवी उघडली की कुठलीही मांडणी देखणी दिसते. पण बॅग खरी राहते ती पाठीवर, उभी. तेव्हा बॉडी वर, लेन्स तोंड खाली करून, आणि सगळा भार लेन्सच्या पुढच्या झाकणावर आणि हूडवर (काचेवर ऊन पडू नये म्हणून पुढे लावतात ती झापड). बाजूने धक्का बसला की तो थेट माउंटला जातो. लेन्सवर वजन पेलायला बनवलेली जागा एकच, ती म्हणजे ट्रायपॉड कॉलर. मग बॅगेतही भार तिथेच का घेऊ नये? या विचाराभोवती सगळी रचना उभी केली आहे.

खरी लेन्स सारखी आत-बाहेर करत मापं घ्यायची नव्हती, म्हणून आधी डमी केली. प्लंबर ज्याला चार इंची पाइप म्हणतात, त्याचा बाहेरचा व्यास ११० मिमी असतो, म्हणजे आपल्या लेन्सच्या नळीपेक्षा जेमतेम २ मिमी जास्त. असा २७ सेंमीचा तुकडा घेतला, एक टोक बंद केलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून २.३ किलो होईपर्यंत वाळू भरली आणि उरलेल्या जागेत चिंध्या कोंबल्या. कॉलरच्या पायाच्या जागी लाकडाचा ठोकळा स्क्रूने बसवला. आता कितीही आपटा, काळजी नाही. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी ही पायरी गाळू नये असं मनापासून सांगतो.

एक सूचना हूडबद्दल. १०८ मिमी ही नळीची जाडी झाली. हूड उलटा बसवला की ती वाढते. आपला हूड लावून स्वतः मोजा, कॅटलॉगवर विसंबू नका.

फोमचं बघू. गादीवाल्याकडचा पीयू फोम नको. त्याची छिद्रं उघडी असतात, पावसाळ्यात ओल धरून ठेवतो, आणि काही वर्षांत दमट हवेत तो चिकट होऊन त्याचा भुगा पडायला लागतो. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा ईपीई हलका आणि स्वस्त असतो, पण वजनाखाली दबला की पुरता परत येत नाही. मी ईव्हीए घेतला. चपलांच्या सोलचं सामान विकणाऱ्या दुकानात १० आणि २० मिमीच्या शीट मिळतात. त्याची छिद्रं बंद असतात, पाणी शोषत नाही, आणि बोटाने दाबलं की टणक लागतो. कापायला कटरचं नवंकोरं पातं लावायचं, पातं लांब बाहेर काढायचं आणि तीन-चार हलक्या ओढीत कापायचं. जोर लावून एका दमात कापलं की कड तिरकी येते.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो कॉलरच्या बैठकीने. कॉलर बॉडीपासून स्वतंत्र फिरते, याचा इथे फायदा होतो. पाय बॅगेच्या झाकणाकडे केला तर खोली पुरत नाही, पाठीकडे केला तर मणक्याला टोचतो. म्हणून तो बाजूच्या भिंतीकडे वळवला. त्या भिंतीवर पायाच्या बरोबर खाली एक ठोकळा बसवला: २० मिमी ईव्हीएचे थर आणि मधे ३ मिमी सनबोर्ड (प्लॅस्टिकची टणक पाटी), सगळं रबरवाल्या सोल्यूशनने चिकटवलेलं. ठोकळ्याच्या माथ्यावर पायाच्या आकाराची खाच केली आहे, साधारण ८ मिमी खोल. बॅग उभी केली की पाय त्या खाचेत उतरतो आणि लेन्स कॉलरवर तोलली जाते.

ठोकळा भिंतीला धरतो तो फक्त व्हेल्क्रोने, आणि तेवढं पुरतं. व्हेल्क्रो सोलून काढायला सोपा, पण पृष्ठाला समांतर ओढला तर फार चिवट. इथे भार सरळ खाली, म्हणजे समांतर दिशेनेच येतो. ५० मिमी रुंदीच्या काटेरी पट्टीचे दोन तुकडे लावले आणि डमी बसवून बॅग हिसके देत जिने चढलो-उतरलो. ठोकळा जागचा हलला नाही.

खालच्या टोकाला २० मिमी फोमची चकती आहे, मधे १०० मिमीचं भोक. पुढचं झाकण त्या भोकात अधांतरी राहतं आणि कड तेवढी चकतीला हलकीशी टेकते. तिचं काम लेन्स डोलू न देण्याचं. झूम २०० वर लॉक करूनच लेन्स आत जाते, नाहीतर तोंड खाली असल्यामुळे नळी हळूहळू बाहेर सरकू शकते.

जुने डिव्हायडर टाकून दिले नाहीत. एका बाजूची शिवण उसवली, आत सनपॅकची (पन्हाळीदार प्लॅस्टिक) शीट सरकवली आणि शिवायला बॅगवाल्या काकांकडे नेले. ते बघताक्षणी म्हणाले, "आत फळी घालताय ना, मग कडेला पायपिंग घ्या. नाहीतर महिन्याभरात कोपरा कापड फाडून बाहेर येईल." घेतलं, आणि शीटचे कोपरेही गोल केले. हाच डिव्हायडर आता लेन्सच्या दुसऱ्या बाजूने उभा आहे आणि अजिबात वाकत नाही. नव्या ठोकळ्यांना कापड निवडताना फेल्ट टाळा. काट्यांनी त्याची लव सुटते आणि ती पुढे काचेवर जाऊन बसते. विणलेलं लूप कापड थोडं महाग पडतं, पण ते काटे नीट धरतं.

बॉडीवरून जाणारा पट्टाही आधी व्हेल्क्रोचा होता. भिगवणला होडीत बसून, इंजिन बंद करून पक्ष्यांजवळ सरकत असताना तो 'चर्रर्र' आवाज फार मोठा वाटतो. तिथे आता रुंद इलॅस्टिक आणि प्लॅस्टिकचा हूक आहे. एका हाताने निघतो, आवाज नाही.

सोल्यूशनबद्दल कळकळीने एक सांगतो. दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा. पण त्यानंतर सगळे भाग वास पूर्ण जाईपर्यंत गॅलरीत उघडे ठेवा. तो वास म्हणजे सॉल्व्हंटची वाफ. बंद बॅगेत रबराच्या पकडीला आणि प्लॅस्टिकला ती चांगली नाही.

वजनाचा हिशेब: नव्या भागांमुळे बॅग ३०० ग्रॅमच्या आसपास वाढली. विमानात केबिनसाठी आपल्याकडे सहसा ७ किलोची मर्यादा असते, त्यामुळे चार्जर आणि बीनबॅगचं (लेन्स टेकवायची उशी) रिकामं कव्हर चेक-इनमध्ये जाईल. बॉडीच्या वर जवळपास ९ सेंमी जागा उरते. तिथे बॅटऱ्या, कार्डं आणि ब्लोअर बसतात.

घरी आल्यावर मात्र लेन्स बॅगेत ठेवत नाही. फोम कितीही चांगला असला तरी पावसाळ्यात बंद बॅग म्हणजे बुरशीला आमंत्रण. लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये (हवा कोरडी ठेवणारं कपाट), ४५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेवर, आणि बॅग उघडी पंख्याखाली.

पुढचं काम एका मित्राच्या सोनी २००-६०० लेन्ससाठी. ती ३१८ मिमी लांब आणि १११.५ मिमी जाड, पण झूम आतल्या आत होतो, त्यामुळे नळी बाहेर येण्याचा प्रश्न नाही. बॉडी जोडून ती ३९-४० सेंमीच्या घरात जाईल, म्हणजे याच बॅगेत बसेल, पण वरची जागा जवळजवळ संपेल. तिच्या कॉलरचा पाय वेगळ्या अंतरावर येतो, तेव्हा ठोकळा नवा करावा लागणार. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी लेन्सवाल्यांना, २६०.१ × १०५ मिमी, माझी चकती आणि बैठक किरकोळ फरकाने चालावी. कोणाकडे ती असेल तर कॉलरच्या पायापासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून कळवा, कागदी साचा कापून ठेवतो.