वारुळावरचे टेकोडे

माहूरला रेणुकेचं दर्शन झालं, दत्तशिखर झालं, सहस्रकुंडला पैनगंगेचा गढूळ लोंढा डोळे भरून पाहिला. पण मला सांगायचंय ते किनवटजवळच्या सागाच्या जंगलातल्या एका वारुळाबद्दल.

ज्यांच्याकडे उतरले होते त्या आजींनी पहाटेच हलवून उठवलं. रात्रभर पाऊस, मधूनच गडगडाट. अशा रात्रीनंतर टेकोडे, म्हणजे वारुळावर उगवणारी रानअळिंबी, निघतातच, म्हणाल्या. वारुळाच्या कडेला खरंच राखट-पांढऱ्या छत्र्या वर आलेल्या. मी हावरटासारखा एक उपटला. देठ मातीतच तुटला.

"काय करायलीस माय? मूळ तर बघ त्याचं!"

आजी काडीनं दुसऱ्याभोवतीची माती उकरायला बसल्या. वीतभर खाली गेल्या तरी देठ संपेना. निमुळता होत नुसता खाली खाली. तो वाळवीच्या मळ्यापर्यंत जातो. काडीकचरा अर्धवट पचवून वाळवी स्पंजासारखं पोळं रचते, त्यावर ही बुरशी पोसते आणि तीच खाते. टर्मिटोमायसिस हे तिचं शास्त्रीय नाव. वाळवीशिवाय तिचं जमत नाही, म्हणून लागवड होणाऱ्या धिंगरी अळिंबीसारखे टेकोडे बाजारात बारमाही दिसत नाहीत. मळा लागायच्या आतच आजी थांबल्या आणि खड्डा हातानं बुजवला. पुढच्या वर्षी इथंच यायचं होतं त्यांना.

मग हातातला टेकोडा फिरवून दाखवला. टोपीच्या मधोमध टणक टोक, माती फोडायला. खाली दाट पांढरे पडदे, देठाला न टेकलेले. देठाला कडं नाही, बुडाशी पिशवी नाही.

मला घाम फुटला. दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीच्या हिरवळीवरच्या पांढऱ्या छत्र्या टेकोडे समजून मी घरी आणल्या होत्या. देठाला कडं होतं, लांब मूळ नव्हतं. सासूबाईंनी टाकायला लावल्या म्हणून वाचलो. फोटो पाहून रानातली अळिंबी खाऊ नका, अगदी माझ्या या वर्णनावरूनही नाही. ओळखणारं माणूस शेजारी हवं.

दुपारी कांदा-तिखटावर परतलेले टेकोडे आणि ज्वारीची भाकरी. इतकं चवीचं मी हॉटेलात कधीच खाल्लं नाही.

एक टोपी कागदात गुंडाळून घरी आणली. हिरवळीवरचीही एक तोडली. रात्री दोन्ही कागदावर पालथ्या घालून वर वाट्या झाकल्या. सकाळी हिरवळीवरच्या टोपीखाली बीजाणूंची हिरवट भुकटी पडली होती, टेकोड्याखाली फिकट गुलाबी.