बँकॉक : जिम थॉम्पसन यांचे घर आणि कालव्यापलीकडचे माग

बँकॉकच्या नॅशनल स्टेडियम स्थानकावर उतरून जवळच्या कासेमसान गल्लीत शिरले की तिच्या टोकाला, सेन सेप कालव्याच्या काठी, गर्द झाडीत दडलेले तांबड्या रंगाचे सागवानी घर लागते. बहुतेक पर्यटक येथे येतात ते जिम थॉम्पसन या बेपत्ता झालेल्या रेशीम व्यावसायिकाची गोष्ट ऐकायला, आणि मीही त्याच कुतूहलाने आलो होतो.

तिकीट काढल्यावर आपल्या भाषेच्या गटाची वाट पाहावी लागते, कारण मार्गदर्शकाशिवाय आत सोडत नाहीत. सहा जुनी थाई घरे सुटी करून, बहुतांशी अयुथया या जुन्या राजधानीच्या परिसरातून आणून, १९५८-५९ मध्ये येथे पुन्हा जोडली गेली. जोडताना थॉम्पसन यांनी काही भिंती चक्क उलट्या बसवल्या, त्यामुळे बाहेरची कोरीव बाजू दिवाणखान्यात आली आणि जुन्या खिडक्यांचे कोनाडे होऊन त्यांत मूर्ती विराजमान झाल्या. थाई परंपरेला हे सोडून असले, तरी अर्धवट राहिलेल्या वास्तुरचनेच्या शिक्षणाचा इतका देखणा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

थॉम्पसन मूळचे अमेरिकेतील डेलावेअरचे. जन्म १९०६ चा, शिक्षण प्रिन्स्टनला आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये वास्तुरचनेची नोकरी. दुसऱ्या महायुद्धात ते ओएसएस या अमेरिकी गुप्त मोहिमांच्या संघटनेत दाखल झाले आणि उत्तर आफ्रिका व युरोपातील कामगिरीनंतर त्यांची रवानगी सिलोनला झाली. जपानच्या वर्चस्वाविरुद्ध लढणाऱ्या ‘सेरी थाई’ या भूमिगत चळवळीच्या मदतीला थायलंडमध्ये उतरण्याची तयारी झाली असतानाच ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. ते बँकॉकला पोहोचले खरे, पण लढाईसाठी नव्हे. पुढच्याच वर्षी सैन्यातून मोकळे झाल्यावर त्यांनी याच शहरात राहायचे ठरवले. चळवळीचे नेते प्रिदी फनोमयोंग यांच्या गोटातील अनेकांशी त्यांची मैत्री होती. १९४७ च्या लष्करी उठावाने हा गट सत्तेवरून फेकला गेला, तोवर थॉम्पसन मात्र रेशमाच्या लडींत गुंतले होते.

त्या काळी यंत्रमागाच्या स्वस्त कापडापुढे हातमागाचे थाई रेशीम मागे पडत चालले होते. घरासमोर, कालव्याच्या पैलतीरावर, बान ख्रुआ ही चाम या मूळच्या कंबोडिया-व्हिएतनामकडील मुस्लिम समाजाची वस्ती आहे, आणि तेथील मोजकी कुटुंबे अजून माग चालवत होती. त्यांच्याकडचे नमुने घेऊन थॉम्पसन न्यूयॉर्कला गेले, फॅशन मासिकांच्या संपादकांना ते दाखवले आणि १९४८ मध्ये थाई सिल्क कंपनी उभी केली. रंग पक्के हवेत हा त्यांचा आग्रह होता, पण विणकरांना त्यांनी कारखान्यात आणले नाही. बायका घरच्या मागावरच विणत राहिल्या आणि पैसाही तेथेच आला. १९५१ मध्ये सयामच्या, म्हणजे जुन्या थायलंडच्या, राजदरबारावर बेतलेल्या ब्रॉडवेच्या संगीतिकेतील पोशाखांसाठी हे रेशीम वापरले गेले आणि मागणी वाढतच गेली.

मार्गदर्शक तरुणीने मात्र हे सारे भरभर उरकले. तिचा आवाज रंगला तो भिंतीवरच्या थॉम्पसन यांच्या जन्मपत्रिकेपाशी. वयाच्या ६१ व्या वर्षी जपून राहा, असा इशारा त्या पत्रिकेत होता म्हणे. २६ मार्च १९६७ रोजी, म्हणजे ६१ वर्षे पूर्ण झाल्यानंतर पाचच दिवसांनी, मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्समधील मूनलाइट बंगल्यातून थॉम्पसन दुपारी बाहेर पडले. पोलीस, सैनिक आणि रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या आदिवासींनी जंगल पिंजून काढले, तरी मागमूस लागला नाही. जुन्या हेरगिरीमुळे तर्कांना ऊत आला. आमच्या गटातील प्रत्येकाचा स्वतंत्र सिद्धान्त होता, आणि आपल्याकडे साधारण याच वयात साठीशांत करतात हे सांगून मीही त्यात भर घातली.

मला विचाराल तर या गूढाने त्यांच्या कामावर अन्याय केला आहे. म्हणूनच घर पाहून झाल्यावर पूल ओलांडून बान ख्रुआत जावे. दोन माणसे जेमतेम मावतील अशी बोळ, दारात वाळणारे कपडे, आणि एका घरात पायाने चालवायचा लाकडी माग. विणकर काकूंनी थांबून आडवे सूत नेणारा धोटा हातात दिला. तो घासून इतका गुळगुळीत झाला होता की माझ्या बोटांतून निसटला. मागावरचे कापड उजेडात तिरपे धरले तर जांभळ्याचे हिरवे होई, आमच्या पैठणीच्या धूपछाँव रंगासारखे.

आता येथे विणणारी घरे मोजकीच उरली आहेत. कंपनीचे विणकाम ईशान्य थायलंडमधील कोरातजवळच्या पाक थोंग चाई येथे चालते, आणि १९७६ मध्ये स्थापन झालेला न्यास घराची देखभाल करतो. वस्तीच्या वाट्याला मात्र कोणी दाता आला नाही. तिच्यावरून द्रुतगती मार्गाचा फाटा नेण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा बान ख्रुआच्या रहिवाशांनी मोर्चे आणि निवेदनांच्या बळावर वर्षानुवर्षे झुंज देऊन तो स्वतःच रोखला.